हेड आणि वखारीतली वाट

नकाशात शिरण्यापूर्वी ते चपला काढत असत.

हे मी शब्दशः लिहिते आहे. एखाद्या घराचा नकाशा ड्रॉइंग बोर्डावर पसरला, की ते टेबलाखाली पायांनीच चपला बाजूला सारत, पेन्सिल उलटी धरत आणि तिचं बोथट टोक फाटकावर टेकवून म्हणत, "चला, आत जाऊ." मग ती पेन्सिल अंगणातून, व्हरांड्यातून, बैठकीच्या खोलीतून चालू लागे. मध्येच थांबे.

"आलो. छत्री ओली आहे. कुठे ठेवू?"

ज्याने नकाशा काढलेला असे, तो गांगरून म्हणे, "कोपऱ्यात ठेवा."

"कोपऱ्यात तुमचं दार उघडतं. छत्री मोडली माझी. आता?"

दुकान किंवा दवाखाना असेल तर चपला पायातच राहत. एकदा देवळाचा नकाशा आला, तेव्हा ते आधी मोरीवर जाऊन हात धुऊन आले.

सदाशिव पेठेतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी अकरा वर्षं नोकरी केली. मी लागले तेव्हा माझा मुलगा, म्हणजे तुमचे बाबा, बालवाडीत जात होता. ऑफिसचा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले आणि तो माझ्याकडे होता: पत्रं, टंकलेखन, बैठकांची टिपणं. ते तिथले हेड ड्राफ्ट्समन. त्यांना सगळे नुसतं 'हेड' म्हणत, ऑफिसचे मालक म्हणजे आमचे साहेबसुद्धा.

पहिल्या दिवशी मी गेले ती बी.ए.च्या तोऱ्यात, कडक इस्त्रीची साडी नेसून. हेडनी माझ्यासमोर एक नकाशा ठेवला.

"स्वयंपाकघर कुठे आहे?"

"हे इथे. किचन असं लिहिलंय ना."

"वाचता येतं तुम्हाला, हे कळलं." त्यांनी तो शब्द अंगठ्याने झाकला. "आता सांगा, हे स्वयंपाकघर कशावरून?"

मी नकाशा फिरवून फिरवून पाहिला. मग त्यांनीच दाखवलं. मोरीचा उतार कुठे जातो, धूर कुठून बाहेर पडणार, मागच्या दारापासून अंतर किती. दुपारपर्यंत मला नकाशा वाचता येऊ लागला होता. या माणसाशी बोलताना जपून राहावं लागेल, हेही समजलं होतं.

त्यांच्या खिशात एक दुमडती लाकडी पट्टी असे. हॉटेलात गेले की टेबलाची उंची, बसमध्ये बसले की दोन बाकांमधलं अंतर. माझ्या धाकट्या दिराच्या लग्नाला आले, तेव्हा आहेर देण्याआधी त्यांनी कार्यालयातल्या जेवणघराचं दार मोजलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, इथे भांडण होणार."

"का हो?"

"एक पंगत उठून बाहेर येते, दुसरी त्याच वेळी आत जाते, आणि दार तीन फुटांचं. व्याही चिडतात ते काही मानपानासाठी नव्हे."

अर्ध्या तासाने त्याच दारात माझे सासरे आणि मुलीचे मामा एकमेकांना भिडले आणि खरोखरच जुंपली. हेड लांब उभे राहून समाधानाने विडा चघळत होते. मला त्या दिवशी त्यांचा अतिशय राग आला होता, हेही लिहायला हवं. त्यांचा राग सगळ्यांनाच येई. एका नव्या ड्राफ्ट्समनने जिन्याखालून जायच्या जागी उंची कमी ठेवली, तर त्याच्याशी ते आठवडाभर कमरेत वाकून बोलले. "सवय करून घेतोय," म्हणायचे.

ऑफिसातल्या प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली तीन चौकोन असत. कोणी काढला, कोणी तपासला, कोणी मंजूर केला. मधल्या चौकोनात हेडची आद्याक्षरं आल्याशिवाय साहेब शेवटच्या चौकोनात सही करत नसत. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण वीसएक वर्षं तो कोणी मोडलाही नव्हता.

अशा ऑफिसात एके दिवशी अकरा मजल्यांची इमारत आली.

मंडईच्या मागच्या बाजूला बंद पडलेली लाकडाची एक वखार होती. ती एका बँकेने विकत घेतली होती आणि तिथे आपलं मुख्य कार्यालय बांधायचं ठरवलं होतं. अकरा मजले! तुम्ही दोघं आता ज्या इमारतींत काम करता, त्यांच्यापुढे हे काहीच नाही. पण तेव्हाच्या पुण्यात उंचावरून गाव बघायचं तर लोक पर्वती चढत. ऑफिसात कोणाला दुसरं काही सुचेना. चहा गार होऊ लागला, डबे उशिरा उघडू लागले.

साहेबांचा मुलगा नुकताच इंग्लंडहून शिकून आला होता. आम्ही त्यांना धाकटे साहेब म्हणत असू. त्यांनी आराखडा काढला. वर काचेचा सरळसोट मनोरा आणि खाली काळ्या दगडाचा भक्कम चौथरा, पुढच्या रस्त्यापासून मागच्या रस्त्यापर्यंत. तो सुंदर होता. मी तेव्हाही तसं म्हटलं होतं.

तळमजल्याचा नकाशा हेडच्या बोर्डावर आला, तेव्हा आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. त्यांनी पेन्सिल उलटी धरली.

"चला. मी मंडईतून आलो. हातात भाजीची पिशवी. मला पलीकडच्या रस्त्यावर बस धरायची आहे."

"बँकेत काम नसेल, तर तुम्ही आत येणारच नाही," धाकटे साहेब म्हणाले.

"मी बँकेत नाही येत. मी वखारीतून जातोय. रोज जातो."

"अहो, वखार आता नाही."

"वखार नाही. मी आहे."

त्याचं असं होतं, की त्या वखारीची पुढची आणि मागची फाटकं वर्षानुवर्षं उघडी असत. मंडईतून बसथांब्याकडे जाणारी माणसं ओंडक्यांमधून तिरकी निघून जात. वखार बंद पडली, ओंडके गेले, पण पायवाट राहिली. दगडी चौथरा झाला की ती जाणार होती आणि सगळ्यांना मोठा वळसा पडणार होता. हेडचं म्हणणं होतं, इमारतीच्या पोटातून वाट ठेवा. धाकटे साहेब म्हणाले, बँकेच्या पोटातून मेथीच्या जुड्या गेलेल्या आपण जगात कुठेही पाहिल्या नाहीत. शिवाय जिथून वाट जात होती, नेमकी तिथेच तिजोरीची खोली काढलेली होती.

संध्याकाळी नकाशा साहेबांच्या टेबलावर गेला. मधला चौकोन कोरा होता.

साहेबांनी हेडना बोलावलं. मी पत्र लिहून घ्यायला तिथेच बसले होते. उठू लागले, तर साहेब म्हणाले, "बसा."

"हेड, अक्षरं का नाहीत?"

"आत जाता आलं नाही मला. भिंत लागली."

"आपल्याला काम बँकेनं दिलंय. मंडईनं नाही."

"बरोबर आहे."

"मग? बँकेच्या समितीला पटवा. महिनाभर थांबतो मी. नाही पटलं, तर मुकाट्याने अक्षरं घालायची. नाहीतर तुमचा बोर्ड मला दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल."

"बोर्डाचा उजवा पाय आखूड आहे," हेड म्हणाले. "ज्याला द्याल त्याला सांगून ठेवा, खाली पुठ्ठा घालावा लागतो."

ते शांतपणे बाहेर आले. पण पाणी प्यायला भांडं उचललं, ते न पिताच परत ठेवलं. पंचावन्नाव्या वर्षी त्यांना दुसऱ्या कुठल्या ऑफिसात जागा मिळाली नसती, आणि तिथेही त्यांनी महिन्याभरात असंच काहीतरी केलं असतं.

तो महिना मी कधी विसरणार नाही. ऑफिसात दोन पक्ष पडले. डबा खाताना काचवाले एका बाजूला बसत, वाटवाले दुसऱ्या बाजूला, आणि वाद घालण्यासाठी चटणीच्या निमित्ताने मधे येत. हेड तर पेटलेच होते. त्यांनी त्या इमारतीवर सतरा आक्षेप काढले. ते मराठीत सांगत आणि मी इंग्रजीत टंकलेखन करी. पश्चिमेला काच, म्हणजे दुपारी चारला कारकून भाजून निघणार. अकराव्या मजल्यावर चहा पोचेपर्यंत त्याचं सरबत होणार. लिफ्ट बंद पडली, तर गुडघे दुखणाऱ्या माणसाने कुठे टेकायचं? धाकटे साहेब येता जाता ऐकत आणि उत्तरं देत.

"वातानुकूलन असणार आहे, हेड."

"आणि वीज गेली म्हणजे?"

"बँकेची वीज जात नाही."

"बरं. पुण्याची जाते."

समितीची बैठक आमच्याच ऑफिसात झाली. अध्यक्ष एक जुने नामांकित वकील होते, उंच, शेलाटे आणि जिभेला धार असलेले. त्यांनी माझे सहा टंकलिखित कागद चष्मा वरखाली करत वाचले.

"इंग्रजी उत्तम आहे," ते म्हणाले. "मुद्दे फुटकळ आहेत."

"इंग्रजी बाईंचं आहे," हेड म्हणाले. "फुटकळपणा माझा."

सगळे हसले. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. "हा वाटेचा मुद्दा घ्या. तिथून जातं कोण? चार भाजीवाल्या. त्यांच्यासाठी बँकेने आपली तिजोरी सरकवायची?"

मी हेडकडे पाहिलं. आता सतरा मुद्द्यांचा पाऊस पडणार, असं मला वाटलं. पण त्यांनी पुढे होऊन ते सहाही कागद अध्यक्षांसमोरून उचलले, घडी करून खिशात घातले आणि म्हणाले, "सोळा मुद्दे सोडले. काच ठेवा, चहा गार प्या. एकच विनंती. एकदा जागेवर या. तळमजला खऱ्या मापाने जमिनीवर आखून दाखवतो. आत फिरून बघा, मग ठरवा. आपण म्हणाल ते मला मान्य."

अध्यक्षांना ते वकिली थाटाचं वाटलं असावं. "रविवारी सकाळी आठ वाजता," ते म्हणाले.

"सव्वाआठ करू या," हेड म्हणाले.

सव्वाआठच का, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

रविवारी सहाला आम्ही वखारीत होतो. खुंट्या, दोऱ्या, चुन्याच्या फक्कीचे डबे. मीसुद्धा पदर खोचून एक डबा घेतला होता. धाकटे साहेब येतील असं वाटलं नव्हतं, पण ते टेप घेऊन आले आणि आल्या आल्या ओरडले, "हेड, माझी भिंत नऊ इंच आत घेतलीत तुम्ही!" दोघांनी पुन्हा मोजलं. भिंत खरंच आत आली होती. "इंच तुमचे, भिंत तुमची," म्हणत हेडनी ती बाहेर घेतली.

बाकी राहिलेल्या भागात पांढऱ्या रेघा पुढे सरकत गेल्या. कितीदा तरी मी तो नकाशा पाहिला होता, पण आता मी त्यात उभी होते. हा दिवाणखान्याएवढा दरवाजा, हे लिफ्टचे दोन चौकोन, ही तिजोरी. मंडईतून माणसं येतच होती. एका भाजीवालीने विचारलं, "खो-खोचं मैदान व्हय, दादा?" एक सायकलवाला थेट भिंतीवरून गेला. मी त्याला हटकणार, तेवढ्यात हेड म्हणाले, "कोणाला अडवू नका, बाई. रेघ परत मारू."

सव्वाआठला समितीची मंडळी गाडीतून पुढच्या रस्त्यावर उतरली आणि आखलेल्या दारातून शिस्तीत आत आली. अध्यक्ष त्यांच्यात नव्हते. साहेब घड्याळ बघू लागले. हेड मात्र रस्त्याकडे बघतच नव्हते. ते मंडईच्या बाजूला तोंड करून उभे होते.

तिकडून अध्यक्ष आले. पायात कॅनव्हासचे बूट, हातात कापडी पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावते आहे. मान खाली घालून, रोजच्या पायांनी, झपझप. पहिली पांढरी रेघ त्यांनी ओलांडली, मग दुसरी, आणि बरोबर तिजोरीच्या मध्यावर येऊन त्यांनी वर पाहिलं.

"उशीर झाला का मला?"

"अजिबात नाही," हेड म्हणाले. "फक्त आपण आत्ता तिजोरीची भिंत फोडून आलात."

अध्यक्षांनी खाली पाहिलं. बुटांना चुना लागला होता. मागे वळून पाहिलं, तर दोन्ही रेघा जिथे तुटल्या होत्या तिथून त्यांच्या पायांचे पांढरे ठसे सरळ त्यांच्यापर्यंत आले होते.

"मी रोज सकाळी फिरून इथूनच घरी जातो," अध्यक्ष सावकाश म्हणाले.

"असं का? आम्हाला कल्पना नव्हती," हेड म्हणाले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना कल्पना होती. बैठकीच्या आधी आठवडाभर ते सकाळी कुठे जात होते आणि ऑफिसात चपलांना लाकडाचा भुसा लावून का येत होते, ते मला त्या क्षणी कळलं.

अध्यक्षांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "म्हणजे चार भाजीवाल्या आणि पाचवा मी. साक्षीदार स्वतःच्या पायांनी चालत येऊन कबुली देऊन गेला म्हणायचा." आणि ते हसले. मग बाकीच्यांनाही हसायला परवानगी मिळाली.

त्यानंतर जे झालं, त्याला बैठक म्हणता येणार नाही. मी टिपणं घ्यायला वही उघडली होती, ती तशीच मिटली. धाकट्या साहेबांनी माझ्या हातातला डबा ओढून घेतला, तिजोरीची रेघ पायाने पुसली आणि वखारीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक तिरकी वाट मारत सुटले. "तिजोरी मागे! लिफ्ट इकडे! मनोरा खांबांवर उचलायचा, हेड, खालून सगळं मोकळं!" इंग्लंडहून आल्यापासून मी त्यांना एवढ्या मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. हेड त्यांच्या मागून त्या वाटेवर येरझारा घालत होते, कधी पिशवीवाला होऊन, कधी सायकलवाला होऊन.

"सायकल हातात धरून न्यायची!" अध्यक्ष ओरडले.

"हातात धरून, हो, हातात धरून. रुंदी किती?"

"आठ फूट पुरे," धाकटे साहेब म्हणाले.

"डोक्यावर पाटी घेतलेल्या दोघीजणी समोरासमोर आल्या तर?"

हेडनी दोन भाजीवाल्यांना खरोखरच बोलावलं. त्या लाजत, एकमेकींना कोपरं मारत, पाट्यांसकट समोरासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या मधे आणखी एक म्हातारा उभा केला. पट्टी उलगडली. शेवटी दहा फुटांवर तह झाला.

सोमवारी सकाळी मधल्या चौकोनात अक्षरं आली. साहेबांनी त्याखाली सही केली आणि हेडच्या बोर्डाच्या उजव्या पायाखाली स्वतः वाकून नवा पुठ्ठा सरकवला.

इमारत उभी राहायला तीन वर्षं लागली. सोडलेल्या सोळा मुद्द्यांपैकी काही हेडच्या बाजूने लागले. पश्चिमेच्या काचांवर कारकुनांनी पहिल्याच उन्हाळ्यात वर्तमानपत्रं चिकटवली. काही त्यांच्या विरुद्ध लागले. लिफ्ट फारशी बंद पडली नाही आणि अकराव्या मजल्यावर चहा गरम पोचला. हेडना त्याचं सुखदुःख नव्हतं. त्यांना काळजी वेगळीच होती. बांधकाम चालू असताना जागेला पत्रे लावलेले होते आणि तीन वर्षं माणसं वळसा घालूनच जात होती. बँकेने वाट ठेवली होती, पण समितीने ठरावात एक वाक्य घातलं होतं, ते मीच टाइप केलं होतं: सहा महिन्यांत वापर दिसला नाही, तर दोन्ही बाजूंना लोखंडी जाळी लावून ती जागा वाहनांसाठी घ्यावी.

"सवय मोडली असेल, बाई," ते म्हणत. "माणूस नव्या वाटेला तीन दिवसांत सरावतो. इथे तर तीन वर्षं."

पत्रे निघाले त्या सकाळी ते मला घेऊन तिथे गेले. सातपासून आम्ही त्या वाटेच्या मध्यावर उभे होतो. खांबांची रांग, पायाखाली नवी शहाबादी फरशी, वर अकरा मजले. मंडईच्या बाजूने माणसं येत, तोंडाशी थबकत, एवढी मोठी इमारत मान वर करकरून बघत आणि बाजूच्या रस्त्याने वळून निघून जात. एक गेला. दोघं गेले. एक शाळकरी घोळका गेला. हेडनी खिशातली पट्टी काढली, उलगडली, काहीही न मोजता परत मिटली.

"बँक वाटते त्यांना," ते म्हणाले. "आत यायला भितात. मी बँकच काढली, बाई. वाट नाही काढली."

मी मंडईच्या बाजूला बघत राहिले.

साडेआठ वाजून गेले होते. मंडईच्या बाजूने एक बाई आली. कमरेवर दळणाचा डबा, दुसऱ्या हातात पिशवी, कपाळावर घाम. ती तोंडाशी थबकली नाही. तिने वर पाहिलं नाही, खांबांकडे पाहिलं नाही, फरशीकडेही नाही. गिरणीत वेळ गेलेला होता आणि तिला घरी पोचायचं होतं. ती सरळ आमच्या अंगावर आली, डबा कमरेवर नीट केला आणि हेडना म्हणाली, "अहो, वाटेत काय उभे राहिलात? सरका की!"

हेड सरकले. खांबाला पाठ लावून, हात जोडल्यासारखे करून, त्यांनी तिला जागा दिली. ती बसथांब्याकडे निघूनही गेली, तरी ते तसेच उभे होते, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना उलट उत्तर न देता कोणाचं ऐकताना पाहत होते.